सव्वापाच इंचांचा पैलवान

खासबागेत कुस्ती बघायला बसलेला कोल्हापूरकर आधी पैलवान बघत नाही, जोड बघतो. वजन किती, उंची किती, कुठल्या तालमीचा, दम कितपत टिकतो, मागच्या मैदानात पाठ कुणाची लागली होती, एवढा सगळा हिशेब झाला की मगच "जोड चांगली लागलीया" किंवा "ही काय जोड झाली व्हय?" असा निकाल देतो. शाहू महाराजांनी १९१२ साली हे मैदान बांधून पुरं केलं, तेव्हापासून शंभरावर वर्षं गावाचं हे शिक्षण चालू आहे. आणि असा पिढीजात पारखी माणूस राजारामपुरीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात शिरतो, काउंटरवर कोपर टेकवतो आणि म्हणतो, "मालक, १६ जीबी रॅम द्या."

संपलं. पावशेर भडंग मागावं तसं.

पुढचा संवाद दुकानदाराला पाठ असतो.

"बोर्ड कुठला हाय?"

"काळा."

"तसं न्हवं. कंपनी, मॉडेल?"

"ते पोरानं बघितलंय. लायटिंग लागतंय बघा त्याच्यात."

"बरं, प्रोसेसर?"

"नवाच हाय."

मग घरी फोन लागतो. पोरगा क्लासला गेलेला असतो. बोर्डाचा खोका माळ्यावर असतो आणि त्यात दिवाळीच्या पणत्या भरून ठेवलेल्या असतात. पणत्या काढून खोक्यावरचं नाव वाचणं हे काम आजीच्या वाट्याला येतं. आजी चष्मा लावून जे वाचून दाखवते ते बोर्डाचं नाव नसून 'उलटा धरू नये' ही सूचना असते.

तयार डबा विकत घेणं कोल्हापूरला मनापासून पटत नाही. सुटे भाग आणायचे, जुळवायचे आणि "कंपनीपेक्षा भारी केलं, ते पण स्वस्तात" असं चार लोकांत सांगायचं, ही गावाची जुनी खोड. बाबूराव पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१८च्या सुमारास इथंच खटपट करून सिनेमाचा कॅमेरा बनवला आणि १९२० साली त्यावर 'सैरंध्री' काढला. आजही शिवाजी उद्यमनगरात गिअरचा मोडका दात दाखवला की तसाच दुसरा कापून मिळतो. बसत नसेल तर थोडं घासायचं, सैल झालं तर वायसर टाकायचा. शेवटी काहीही बसतं, यावर या गावाचा विश्वास आहे.

रॅमनं मात्र या विश्वासाला हात दाखवला. ही वस्तू लेथवर चढत नाही.

वस्तू म्हणजे काय, तर सव्वापाच इंच लांबीची पट्टी. खालच्या कडेला सोनेरी पिना, मध्ये एक खाच. डीडीआर३ या पिढीत २४० पिना होत्या, डीडीआर४मध्ये २८८ झाल्या, डीडीआर५मध्येही २८८च. म्हणजे चौथी आणि पाचवी पिढी लांबीला सारखी, पिनांना सारखी, लांबून बघितलं तर जुळी भावंडं. फरक एवढाच की खाच थोडी सरकलेली. ती थोडी सरकलेली खाच हाच सगळा मामला आहे. चुकीच्या बोर्डात पट्टी बसूच नये म्हणून ती मुद्दाम सरकवली आहे. कारण आतला कारभार वेगळा: डीडीआर४ १.२ व्होल्टवर चालते, डीडीआर५ १.१वर. शिवाय डीडीआर४ला वीज बोर्ड मोजून देतो, तर डीडीआर५च्या अंगावरच वीज सांभाळणारी चिप असते. आपला खुराक आपणच बघणारा पैलवान तो. दुसऱ्याच्या खानावळीत त्याचं जमत नाही.

खाच जुळत नाही तेव्हा शहाणा माणूस थांबतो. तालमीत गेलेला माणूस जोर लावतो. "लावा की, बसतंय, लावा" असं मागून कुणीतरी म्हणतंच. दुकानदाराच्या ड्रॉवरमध्ये कडा मोडलेल्या दोन-तीन पट्ट्या असतात, त्या अशा उत्तेजनाच्या खुणा.

आणखी एक गोंधळ मोबाइलनं घालून ठेवला आहे. मोबाइलवाल्यांनी साठवणीलाच 'मेमरी' म्हणायची सवय लावली. त्यामुळे "माझ्या एवढ्याशा फोनला २५६ जीबी मेमरी हाय, आणि ह्या एवढ्या डब्याला १६च?" हा सवाल दुकानात दिवसातून एकदा तरी येतोच. त्याला सोपं उत्तर स्वयंपाकघरात आहे. साठवण म्हणजे धान्याची कोठी. रॅम म्हणजे ओटा. कोठीत वर्षाचा जोंधळा मावतो, पण भाकरी थापायची ती ओट्यावरच. ओटा लहान असेल तर घरात धान्य किती आहे याला अर्थ उरत नाही. बाई परात मांडीवर घेऊन बसते आणि कॉम्प्युटर गोल फिरणारं चक्र दाखवत बसतो.

हा ओटा भलताच विसराळूही आहे. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली ज्या मेमरीचं पेटंट मिळालं, तिचंच तत्त्व अजून चालतं: प्रत्येक बिटासाठी एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा थेंब धरून ठेवणारा एक इवलासा कपॅसिटर. थेंब गळतो. म्हणून साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत, आणि डीडीआर५मध्ये ३२ मिलिसेकंदांत, प्रत्येक घराला "लक्षात आहे ना रे?" असं विचारून पुन्हा भरावं लागतं. १६ जीबीत अशी १३,७०० कोटींहून जास्त घरं असतात. पाढे पाठ करून घेणारे मास्तरसुद्धा एवढ्या चिकाटीचे नव्हते. वीज गेली की सगळे पाढे विसरले. म्हणून तर अल्बमवाल्यांच्या घरी लाइट गेल्यावर किंकाळी ऐकू येते.

अल्बमवाल्यांचीच गोष्ट घ्या. मंगळवार पेठेत लग्नाचे अल्बम करणारा एक गृहस्थ आहे. एका लग्नाचे दोन-अडीच हजार फोटो, त्यातून शे-दीडशे निवडायचे, नवऱ्याच्या मामांचा रुसवा काढण्यासाठी ऐनवेळी आणखी चार घालायचे, आणि एकेका पानावर इतके थर चढवायचे की जुना कॉम्प्युटर मान टाकायचा. २०२५च्या उन्हाळ्यात, लग्नसराई संपता संपता, त्यानं नवा जोडायचं ठरवलं. यादी केली. आणि यादीत सगळ्यांत शेवटी घ्यायची वस्तू सगळ्यांत आधी घेतली, कारण तिच्यावर सूट होती.

ऑनलाइन सेल होता, मध्यरात्र होती, आणि पडद्यावर 'फक्त दोन शिल्लक' असं लाल अक्षरांत लिहिलेलं होतं. त्यानं ३२ जीबीचा संच मागवला: डीडीआर५, १६च्या दोन पट्ट्या, ६००० वेग, वर लायटिंग. नंतर आठ-दहा दिवसांनी कुणीतरी सुचवलेला इंटेलचा बाराव्या पिढीचा प्रोसेसर आणि बोर्ड आला. बोर्डाच्या नावाच्या शेपटाला 'डी४' होतं. ते त्यानं 'डिझाइन ४' असं समजून घेतलं.

इथं बिचाऱ्याला फारसा दोषही देता येत नाही. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसर डीडीआर४ही चालवतात आणि डीडीआर५ही. प्रोसेसर म्हणतो, "आपलं काही नाही, घरात विचारा." घर म्हणजे बोर्ड. एकाच नावाचे दोन बोर्ड बाजारात असतात. एकाच्या शेवटी 'डी४' किंवा 'डीडीआर४' असतं, दुसऱ्याच्या नसतं. एका बोर्डावर एकच पिढी नांदते. दोन्ही घेणारे अपवाद नावापुरते. एएमडीकडे घोळ कमी: एएम४ सॉकेट असेल तर डीडीआर४, २०२२ला आलेलं एएम५ असेल तर फक्त डीडीआर५. इंटेलनं २०२४मध्ये आणलेल्या एलजीए१८५१ सॉकेटवरही फक्त डीडीआर५. म्हणजे क्रम असा की आधी प्रोसेसर, मग बोर्ड, आणि बोर्ड सांगेल ती रॅम. अल्बमवाल्यानं नवरदेवाचं माप न घेता शेरवानी शिवून आणली होती, आणि हे त्याला, इतकी लग्नं बघून, कळायला हवं होतं.

परत करायला गेला तर मुदत सात दिवसांची होती.

गृहस्थ पट्ट्या घेऊन राजारामपुरीत आला. दुकानदारानं बोर्ड बघितला, पट्ट्या बघितल्या आणि चहा मागवला. हॉस्पिटलात डॉक्टर नातेवाइकांना केबिनमध्ये बोलावतात, तसा तो चहा होता.

यापेक्षा फसव्या वस्तूही असतात. लॅपटॉपची रॅम पावणेतीन इंचांची. ती डेस्कटॉपच्या खाचेत ठेवली तर मोठ्यांच्या पंगतीत बसलेल्या बाळासारखी दिसते, त्यामुळे तिथं निदान चूक लगेच कळते. खरी फसगत सर्व्हरच्या जुन्या डीडीआर४ रॅमची. एखाद्या मोठ्या कंपनीतून उतरलेला माल भंगारातून स्वस्तात येतो, ३२ जीबीची पट्टी अर्ध्या पैशांत. पिना २८८, खाच बरोबर, 'टक्' असा आवाज करून बसतेसुद्धा. पण ती 'रजिस्टर्ड' जातीची असते आणि घरगुती बोर्ड तिला ओळख देत नाही. पंखे फिरतात, दिवे लागतात, पडदा काळा. घेणारा माणूस मग मॉनिटरची केबल बदलतो, नंतर मॉनिटर बदलतो, आणि शेवटी कॅबिनेटची दिशा पूर्वेला करून बघतो.

पिढी जुळली की वेगाचा तंटा सुरू होतो. पट्टीवर छापलेलं असतं ३२००. पोरगा घरी येऊन आतली माहिती दाखवणारं एक सॉफ्टवेअर चालवतो, तिथं आकडा येतो १६००. झालं! बाप तसाच गाडीला किक मारून दुकानात. "निम्मी रॅम कुठं गेली?" दुकानदार समजावून सांगतो की डीडीआर म्हणजेच 'डबल डेटा रेट'; घड्याळाच्या एका ठोक्यात माल दोनदा उतरतो, म्हणून १६०० ठोक्यांचे ३२०० फेरे. बापाला ते पटत नाही. रंकाळ्यावर एक फेरी मारून घरी 'दोन मारल्या' म्हणून सांगण्यातलाच तो प्रकार वाटतो. तोवर पोराचा फोन येतो: १६ जीबीतली थोडी वापरताच येत नाही, असं विंडोज सांगतंय. ती प्रोसेसरच्या आत बसलेल्या ग्राफिक्सनं आपला वाटा म्हणून काढून घेतलेली असते. पण तेवढ्यात बापाला चोर सापडलेला असतो आणि तो काउंटरच्या पलीकडे उभा असतो.

६००० लिहिलेला संच तर पहिल्या दिवशी बहुधा ४८००नंच धावतो. खोक्यावरचा आकडा हा पैलवानाचा पोस्टरवरचा फोटो. रोज सकाळी तो तसा दिसेलच असं नाही. त्याला अंगावर आणायला बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी नावाचं बटण दाबावं लागतं. ही इंटेलची सोय २००७पासून आहे. एएमडीनं २०२२मध्ये आपली एक्सपो आणली. कित्येक घरांत महागडी रॅम वर्षानुवर्षं चालत्या पावलांनी काम करते आहे, कारण तिला "पळ" असं कुणी सांगितलेलंच नाही.

त्यापुढं असतात सीएलचे आकडे. ३६-३६-३६-७६ असे लिहिलेले, लँडलाइनच्या नंबरसारखे. यातला पहिला आकडा म्हणजे मागणी केल्यावर माल काउंटरवर यायला किती ठोके लागतात तो. ३२०० वेगाला सीएल १६ असेल तर हिशेब येतो १० नॅनोसेकंद. ६००० वेगाला सीएल ३० असेल तरी १० नॅनोसेकंदच. सीएल ३६ असेल तर १२. म्हणजे १६ पेक्षा ३० मोठा म्हणून वाईट, असं नाही. वेग आणि ठोके एकत्र बघायचे. ही दोन नॅनोसेकंद गेम खेळणाऱ्या पोरांना फार जाणवतात, असं ती पोरं सांगतात. अल्बममध्ये मामांच्या डोळ्यांवरचा चष्म्याचा चकाकता डाग पुसताना ती जाणवल्याची नोंद नाही.

"घरात जुनी ८ची हाय, तिच्याच जोडीला नवीन ८ टाका" हा काटकसरीचा मार्ग तर सगळ्यांचा आवडता. त्यात गैर काही नाही, फक्त बैलजोडीचा नियम लागू होतो. २६६६ची जुनी आणि ३२००ची नवी एकत्र जुंपली की दोघी २६६६नं चालतात. नवीन खोंड कितीही उसळला तरी जू एकच आहे. कधी दोघींचं अजिबातच जमत नाही. सुट्या सुट्या दोघी गुणी, एकत्र आल्या की पडदा निळा. म्हणून कारखान्यातच जोड बघून एका खोक्यात घातलेला दोन पट्ट्यांचा संच घ्यावा, असं जाणकार सांगतात. चार खाचा आहेत म्हणून चार पट्ट्या घालायचा मोहही महागात पडतो. एएमडीच्या रायझेन ७००० मालिकेत कंपनीनं स्वतःच लिहून दिलंय: दोन पट्ट्यांना ५२००पर्यंत, चारही खाचा भरल्या तर ३६००. माणसं वाढली की पंगत सावकाश उठते.

दोनच घालायच्या तर कुठल्या खाचेत, यासाठी तरी कोल्हापूरकराला शिकवणी लागू नये. राजारामपुरीत गल्ल्या आकड्यांनीच ओळखतात. बोर्डावरही तसंच. प्रोसेसरकडून मोजत निघायचं. चार खाचांच्या बहुतेक बोर्डांवर दोन पट्ट्यांचा पत्ता दुसरी आणि चौथी गल्ली. पहिली-दुसरी अशा शेजारी शेजारी बसवल्या की दोघींची वाहतूक एकाच रस्त्यानं होते आणि दुसरा रस्ता मोकळा पडून राहतो. हौशी माणसं दिसायला सुबक म्हणून शेजारी बसवतात. उंचीकडंही बघायचं असतं: साधी पट्टी ३१ मिलिमीटरच्या आसपास, पण मुकुट आणि दिवे लावलेली ४४पासून ५०पर्यंत जाते आणि प्रोसेसरवरच्या मोठ्या पंख्याला जाऊन भिडते. मग पंखा वर सरकतो, कॅबिनेटची काच लागत नाही, आणि "हवा खेळती राहते" असं म्हणून ती कायमची काढून ठेवली जाते.

शेवटचा कसोटीचा क्षण म्हणजे पहिलं बटण. कॉम्प्युटरला हळद-कुंकू लावलेलं, नारळ फुटलेला, पेढे ताटात. बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळा. अर्धं मिनिट. एक मिनिट. डीडीआर५ पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड आणि रॅम एकमेकांना आजमावून बघतात, त्याला 'ट्रेनिंग' म्हणतात, आणि त्यात काही मिनिटं सहज जाऊ शकतात. मैदानात पैलवान सलामी झाल्यावर नुसते मनगटं धरून फिरत असतात, तसंच. तिथं कोल्हापूरकर अर्धा तासही शांत बसेल. घरात मात्र दुसऱ्या मिनिटाला कुणीतरी स्विच बंद करतं, पुन्हा चालू करतं, आणि ट्रेनिंग पहिल्यापासून सुरू होतं. आजी म्हणते, "नारळाच्या आधी मुहूर्त बघायला पाहिजे होता." शेजारचा एक जाणता पट्टी काढून पिना खोडरबरनं पुसायला सांगतो. जुन्या, कळकटलेल्या पट्टीला हा उपाय चालतोही. कालच खोक्यातून काढलेल्या पट्टीवर तो करणं म्हणजे नव्या नवरीला आंघोळीला पिटाळणं.

घ्यायला जाताना काय न्यावं, हे दुकानदार काउंटरवर चिकटवून ठेवतात: प्रोसेसरचं नाव, बोर्डाचं पूर्ण नाव शेपटासकट, आणि जुनी पट्टी असेल तर तिच्यावरच्या चिठ्ठीचा फोटो. बोर्ड बनवणारी कंपनी आपल्या बोर्डावर तपासून बघितलेल्या रॅमची यादीही देते. यादीत नाव असलं की निर्धास्त. नसलं तरी बहुतेक वेळा चालतं, पण मग बाजी आपली. पायताण घ्यायला माणूस पाय घेऊनच जातो. इथं बोर्डाचं नाव विसरून जातात.

अल्बमवाल्यानं शेवटी 'डी४' बोर्डासाठी डीडीआर४चा ३२ जीबीचा संच घेतला, ३२०० वेगाचा, बिनलायटिंगचा. दुसरी आणि चौथी गल्ली. बटण दाबल्यावर मामांचा फोटो न अडखळता उघडला. डीडीआर५च्या पट्ट्या त्यानं कपाटात, बायकोच्या नजरेला पडणार नाहीत अशा, शालूंच्या खाली ठेवल्या.

मग २०२५ची दिवाळी झाली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अवाढव्य डेटा सेंटरांनी मेमरी चिप उचलायला सुरुवात केली, आणि सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन या जगातल्या तीन मोठ्या कारखानदारांनी आपला माल तिकडे वळवला. डिसेंबरमध्ये मायक्रॉननं तर आपला घरगुती ग्राहकांचा 'क्रुशिअल' हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. काही महिन्यांत डीडीआर५चे भाव दुपटीच्या पुढे गेले. गुजरीत सोन्याचा भाव विचारावा तसा राजारामपुरीत रॅमचा भाव सकाळी एक, संध्याकाळी एक असा विचारला जाऊ लागला.

अल्बमवाल्याच्या बायकोला शालूंखालचा खोका सापडला तो याच सुमारास. ती काही बोलायच्या आत त्यानं मोबाइलवर त्या संचाचा आजचा भाव काढून दाखवला. तिनं तो दोनदा वाचला, खोका पुसला आणि दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवून कुलूप लावलं. आता तो एएम५चा बोर्ड घ्यायचं म्हणतोय. ती किल्ली देत नाही.